गोळी आठवड्याची, दक्षता रोजची

काही आजार दंगा करीत घरात शिरतात. काही मात्र ओळखीच्या पाहुण्यासारखे येतात आणि वर्षानुवर्षे मुक्काम ठोकतात. वाढीच्या संप्रेरकाचा अतिरेक हा दुसऱ्या प्रकारचा आजार आहे. पायातली जोडवी निघेनाशी होतात. कासाराकडे दर दोन-तीन वर्षांनी आणखी मोठ्या मापाच्या बांगड्या मागाव्या लागतात. आठ नंबरची चप्पल घालणाऱ्या गृहस्थाला दहा नंबरचीही घट्ट होऊ लागते. जबडा पुढे येतो, दातांत फटी पडतात, आवाज घोगरा होतो, रात्रीचे घोरणे भिंतीपलीकडे ऐकू जाते. घरचे म्हणतात, वयानुसार माणूस भरला. रोज पाहणाऱ्याच्या नजरेला हा बदल जाणवत नाही. दहा वर्षांपूर्वीचे लग्नातले छायाचित्र शेजारी ठेवले तरच तो ध्यानात येतो.

या आजाराला अॅक्रोमेगली म्हणतात. पियरे मारी या फ्रेंच वैद्यकाने १८८६ मध्ये त्याचे वर्णन करून हे नाव दिले. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूष ग्रंथी असते. तीत एखादी छोटी, बहुधा कर्करोगाची नसलेली गाठ तयार होते आणि ती गाठ वाढीचे संप्रेरक अखंड पाझरत राहते. लहानपणी हे घडले तर उंची बेसुमार वाढते. हाडांची वाढ थांबल्यावर घडले तर हात, पाय, चेहरा आणि आतले अवयव वाढू लागतात. कुस्तीच्या आखाड्यातून जगभर गाजलेला हिमाचल प्रदेशचा दलीपसिंह राणा, म्हणजेच 'द ग्रेट खली', याच्या अजस्र देहामागेही याच ग्रंथीची गाठ होती आणि २०१२ मध्ये अमेरिकेत शस्त्रक्रिया करून ती काढण्यात आली. लोकांनी ज्याला बलाचे लक्षण मानले, त्याच्या पोटात आजार होता. उपचार झाले नाहीत तर हा आजार मधुमेह, रक्तदाब आणि हृदयाचा विस्तार या वाटांनी आयुष्य कुरतडतो.

आपल्या परंपरेला देहाच्या प्रमाणाचे भान नव्हते असे नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील 'अष्टौनिन्दितीय' अध्यायात अतिदीर्घ आणि अतिह्रस्व या दोन्ही देहांची गणना वैद्याने विशेष लक्ष द्यावे अशा आठ प्रकारांत केली आहे. एवढ्यावरून प्राचीनांना पीयूष ग्रंथीचा आजार ठाऊक होता असा दावा करण्याचे काही कारण नाही. मात्र देहाचा आकार हा केवळ कौतुकाचा किंवा चेष्टेचा विषय नसून वैद्याकडे नेण्याचा विषय आहे, हे त्यातून निश्चित घेता येते.

आजार विरळ आहे, पण वाटतो तितका परका नाही. दर दहा लाख लोकांमागे सुमारे चाळीस ते सत्तर रुग्ण असे प्रमाण वैद्यकीय ग्रंथांत दीर्घकाळ सांगितले गेले. नव्या पाहण्या त्याहून अधिक सांगतात. २०११ च्या जनगणनेनुसार परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार होती. जुने प्रमाण धरले तरी जिंतूर ते सोनपेठ या नऊ तालुक्यांत मिळून सत्तर ते सव्वाशे जण या आजाराचे असावेत. हा ठोकताळा आहे, मोजणी नव्हे. तरीही त्यातून एक प्रश्न उभा राहतोच. हे सगळे लोक आहेत कुठे? त्यांपैकी अनेकजण गुडघेदुखीच्या, साखरेच्या आणि डोकेदुखीच्या गोळ्या वेगवेगळ्या दवाखान्यांतून घेत असणार आणि मूळ कारण अंधारातच राहत असणार.

गोळी आहे, पण ती कशासाठी?

या आजारावरचा पहिला उपचार बहुतेक वेळा शस्त्रक्रिया हाच असतो. नाकाच्या मार्गाने जाऊन गाठ काढली जाते. गाठ मोठी असली किंवा पूर्ण निघाली नाही तर दरमहा घ्यायची महागडी इंजेक्शने, किरणोपचार किंवा तोंडाने घ्यायची गोळी यांचा विचार होतो. सर्वसामान्य भारतीय रुग्णाच्या हाताशी असलेली ही गोळी म्हणजे कॅबर्गोलिन. तिच्या आधीपासून वापरात असलेली ब्रोमोक्रिप्टिन ही तिचीच थोरली बहीण. ती रोज घ्यावी लागते.

कॅबर्गोलिन संप्रेरक वाढवत नाही, दाबते. मेंदूतील डोपामिन नावाच्या द्रव्याचे सोंग घेऊन ती त्या गाठीचा पाझर आवरते. एकट्या या गोळीवर साधारण तीनांपैकी एका रुग्णात आजार आटोक्यात येतो, आणि तोही मुख्यतः संप्रेरकाची पातळी फार चढलेली नसेल तेव्हा. म्हणूनच ती कुणाला द्यावी, एकटी द्यावी की इंजेक्शनाच्या जोडीला द्यावी, हा निर्णय संप्रेरकतज्ज्ञाचा आहे. शेजारच्या गावातल्या रुग्णाला गुण आला म्हणून त्याच्या चिठ्ठीवर औषध आणणे हा शुद्ध अविचार आहे.

अमेरिकेत अलीकडे आणखी दोन तोंडी औषधांना मान्यता मिळाली. जून २०२० मध्ये ऑक्ट्रिओटाइडची कॅप्सूल आली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये पाल्टुसोटिन ही दिवसातून एकदा घ्यायची गोळी आली. या दोन्ही रिकाम्या पोटी घ्याव्या लागतात, तर कॅबर्गोलिन खाल्ल्यावर घ्यायची असते. एकाच आजारावरच्या औषधांची रीत अशी परस्परविरुद्ध असू शकते. परदेशातल्या नातेवाइकाने फोनवर सांगितलेला सल्ला येथील गोळीला लावू नये, तो याचसाठी.

'आठवड्यातून दोनदा' या शब्दांचा अर्थ

कॅबर्गोलिनचा सर्वात मोठा धोका तिच्या रसायनात नाही, चिठ्ठी वाचण्यात आहे. आपल्याकडे गोळी म्हटली की ती सकाळ-संध्याकाळ, असे समीकरण पक्के बसलेले आहे. कॅबर्गोलिन मात्र शरीरात दीर्घकाळ टिकते. घेतलेल्या मात्रेतील निम्मे औषध बाहेर पडायलाच अडीच दिवसांहून अधिक काळ लागतो. म्हणून ती आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, अर्ध्या मिलिग्रॅमची किंवा त्याहूनही निम्मी, अशी सुरू केली जाते आणि तपासण्या पाहून सावकाश वाढवली जाते. घाईच्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेले 'आठवड्यातून दोनदा' हे 'दिवसातून दोनदा' असे वाचले गेले, तर सात दिवसांत दोन गोळ्यांऐवजी चौदा पोटात जातात. मग ओकाऱ्या, रक्तदाब कोसळणे, भ्रम होणे हे सारे आले.

यावरचा उपाय बिनखर्चाचा आहे. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर वारांची नावे मराठीत लिहून घ्यावीत: मंगळवार रात्र, शुक्रवार रात्र. औषध-दुकानदाराने तेच वार पाकिटावर लिहावेत आणि तोंडाने सांगावेत. घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखांना खूण करावी आणि गोळी घेतली की ती खोडावी. ज्या घरात चतुर्थी-एकादशी कॅलेंडर पाहून पाळली जाते, त्या घराला हे अवघड नाही. गावाकडच्या वृद्ध रुग्णाला आठवडी बाजाराचा वार ही तर त्याहून पक्की खूण आहे.

एखादा वार चुकला तर पुढच्या वेळी आपल्या मनाने दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. डॉक्टरांना फोन करून विचारावे. गुण आला असे वाटले म्हणून गोळी बंदही करू नये. औषध थांबताच गाठीचा पाझर पुन्हा वाढू शकतो आणि चेहऱ्यावर ते दिसायला पुन्हा काही वर्षे लागतात.

उपास, ऊन आणि रिकामे पोट

गोळी कशी घ्यावी हे औषधाबरोबरच्या पत्रकात छापलेले असते. ते पत्रक लिहिणाऱ्याला परभणीचा मे महिना ठाऊक नसतो आणि सोमवारचा उपासही ठाऊक नसतो. येथे घरच्यांनी आपली बुद्धी वापरायची असते.

रिकाम्या पोटी घेतलेली कॅबर्गोलिन मळमळ आणि गरगर वाढवते. म्हणून ती रात्रीच्या जेवणानंतर, झोपण्यापूर्वी घ्यावी. सोमवार किंवा गुरुवार धरणाऱ्याने गोळीसाठी ते वार निवडू नयेत. मंगळवार-शुक्रवार किंवा बुधवार-शनिवार असा मेळ घालावा. दोन मात्रांतील अंतर साधारण सारखे असावे, एवढे पाहिले म्हणजे झाले. व्रत मोडण्याची वेळच येत नाही आणि औषधही चुकत नाही. नवरात्राचे नऊ दिवस उपास करणाऱ्यांनी मात्र आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवावे.

दुसरी गोष्ट उभे राहण्याची. ही गोळी सुरू होताना, किंवा तिची मात्रा वाढवताना, झोपलेला माणूस एकदम उठला तर रक्तदाब घसरून डोळ्यांपुढे अंधारी येते. परभणीत पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो, अंगातले पाणी कमी झालेले असते आणि रक्तदाबाची गोळीही चालू असते, तेव्हा हा धोका वाढतो. पहाटे उठताना आधी कडेला वळावे, मिनिटभर बसावे, मग उभे राहावे. पहिल्या काही मात्रांच्या दुसऱ्या दिवशी मोटारसायकल, ट्रॅक्टर आणि विहिरीचा काठ टाळावा. मद्य वर्ज्य समजावे.

तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. गोळीने मळमळले की माणूस कोपऱ्यावरच्या दुकानातून उलटी थांबवणारी गोळी आणतो. मेटोक्लोप्रमाइडसारखी उलटीवरची औषधे डोपामिनलाच अडवतात. कॅबर्गोलिन ज्या दारातून आत जाते, तेच दार ती बंद करतात. काही मानसिक आजारांवरची औषधेही असेच करतात. याउलट क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन यांसारखी प्रतिजैविके कॅबर्गोलिनची रक्तातील पातळी वाढवू शकतात. अर्धशिशीवरची अर्गटची औषधे तिच्याबरोबर चालत नाहीत. ताप, खोकला, दात काढणे, काहीही निमित्त असो; समोरच्या डॉक्टरला 'मी कॅबर्गोलिन घेतो' हे पहिले वाक्य सांगायचे. काढा, चूर्ण किंवा भस्म चालू असेल तर तेही डॉक्टरांपासून लपवू नये, आणि वैद्यांपासून गोळी लपवू नये. दोघांनाही रुग्णाचे हितच पाहायचे आहे.

जे घरच्यांनाच दिसते

या औषधाचा एक परिणाम रक्ताच्या तपासणीत सापडत नाही. काही थोड्या रुग्णांत ते मनाचा लगाम सैल करते. कधी पत्त्याला हात न लावलेला माणूस मटक्याच्या नादी लागतो, मोबाइलवरच्या पैशांच्या खेळात रात्री घालवतो, नको त्या वस्तू खरेदी करत सुटतो, किंवा त्याची कामेच्छा त्यालाही लाज वाटावी इतकी अनावर होते. डोपामिनशी जवळीक असलेल्या औषधांचा हा जगभर नोंदला गेलेला दुष्परिणाम आहे. रुग्ण स्वतःहून तो सांगत नाही. बहुधा त्याला औषधाचा संशयही येत नाही. घरात भांडणे होतात, अब्रूचा प्रश्न होतो, कर्ज होते आणि दोष स्वभावाला दिला जातो. ही बाब पती-पत्नी दोघांनाही पहिल्याच दिवशी ठाऊक असली पाहिजे. असे काही दिसले तर मारझोड, शपथा, देवाला नवस यांआधी डॉक्टरांना कळवावे. मात्रा कमी केली वा औषध बदलले की हा नाद बहुधा ओसरतो.

हृदयाच्या झडपांचा प्रश्नही असाच समजून घ्यायला हवा. कंपवाताच्या रुग्णांत हे औषध रोज आणि मोठ्या मात्रेत वापरले जाई, तेव्हा हृदयाच्या झडपा जाड होऊन गळतात असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतून दिसून आले. पीयूष ग्रंथीच्या आजारात मात्रा त्याहून पुष्कळ कमी असते, त्यामुळे भिऊन औषध सोडण्याचे कारण नाही. मात्र सुरू करण्यापूर्वी हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टू-डी इको, करून घ्यावी आणि नंतर डॉक्टर सांगतील त्या अंतराने ती पुन्हा करावी. धाप लागणे, पायांना सूज, न थांबणारा कोरडा खोकला ही लक्षणे 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नयेत.

ज्यांच्यासाठी एक दिवसही थांबू नये अशी लक्षणे वेगळी आहेत. अचानक उठलेली असह्य डोकेदुखी व ओकारी, बाजूचे दिसेनासे होणे किंवा दोन-दोन दिसणे, सर्दी नसताना नाकातून पाण्यासारखा स्राव वाहणे: यांपैकी काहीही झाले तर रुग्णाला तत्काळ मोठ्या रुग्णालयात हलवावे.

स्त्रियांसाठी आणखी एक सूचना. या आजारात पाळी अनियमित होते आणि मूल होणे अवघड जाते. उपचाराने पाळी सुरळीत झाली की गर्भधारणाही होऊ शकते. म्हणून तो विषय डॉक्टरांशी आधीच बोललेला बरा. हीच गोळी दूध बंद करण्यासाठीही वापरतात. त्यामुळे अंगावर पाजणाऱ्या बाईच्या हाती ती चुकून पडता कामा नये. गोळी मूळ वेष्टनातच, कोरड्या आणि थंड जागी, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.

उंचीच्या बाजारापासून सावध

याच संप्रेरकाची दुसरी बाजू अभावाची आहे. एखाद्या मुलाचे संप्रेरक कमी पडते आणि त्याची वाढ खुंटते. अशा मुलासाठी 'उंची वाढवणारी गोळी' शोधत आईबाप बाजार धुंडाळतात, आणि येथे त्यांची सर्रास फसवणूक होते. वाढीचे संप्रेरक हे १९१ दुव्यांची साखळी असलेले प्रथिन आहे. ते गिळले तर डाळीतल्या प्रथिनासारखे पोटात पचून जाते. म्हणून ते इंजेक्शनानेच द्यावे लागते. पूर्वी ते मृतदेहांच्या ग्रंथीतून काढले जाई आणि त्यातून मेंदूचा जीवघेणा आजार काही मुलांना झाला, हे लक्षात आल्यावर १९८५ मध्ये ती पद्धत अमेरिकेत थांबली आणि प्रयोगशाळेत तयार केलेले संप्रेरक आले. एवढ्या मोठ्या किमतीवर जगाने जे शिकले, ते रंगीत डब्यातल्या पावडरीने खोटे ठरत नाही.

उंची वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधाची जाहिरात हा आपल्या देशात गुन्हा आहे. १९५४ च्या औषधी व जादूटोणा उपचार कायद्याच्या परिशिष्टात माणसाच्या उंचीचा उल्लेख आहे. सत्तर वर्षांहून जुना हा कायदा असूनही जाहिराती दिसतातच. त्या पाहून पैसे घालवण्यापेक्षा शाळेने दर सहा महिन्यांनी मुलांची उंची मोजून वहीत लिहावी. वाढ अडली असेल तर ती वही डॉक्टरांना दाखवली की अर्धे निदान होते. आणि कॅबर्गोलिन ही वाढ दाबणाऱ्या बाजूची गोळी आहे. खुंटलेल्या मुलाशी तिचा काहीही संबंध नाही, हेही पक्के ध्यानात ठेवावे.

परभणीने काय करावे?

या आजाराचे तज्ज्ञ मोठ्या शहरांत आहेत. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संप्रेरक विभागात राज्यभरातून रुग्ण जातात. परभणीहून मुंबई रेल्वेने सुमारे साडेपाचशे किलोमीटर, छत्रपती संभाजीनगर पावणेदोनशे. देवगिरी एक्सप्रेसच्या डब्यात रात्र काढून, दिवसाची मजुरी बुडवून, बरोबर एक माणूस घेऊन वर्षातून चारदा जाणे शेतकरी कुटुंबाला परवडत नाही. शासकीय योजनांचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर असतो. घरी घ्यायच्या गोळीचा आणि पुन्हा पुन्हा करायच्या तपासण्यांचा भार कुटुंबावरच पडतो. मग फेरी चुकते, तपासणी चुकते आणि जुन्याच चिठ्ठीवर औषध चालू राहते. मात्रा योग्य आहे की नाही हे ठरवणारी आयजीएफ-१ ही रक्ततपासणी तर वेळेवर, आणि शक्यतो एकाच प्रयोगशाळेत, झाली पाहिजे. शिवाय आजार आटोक्यात आला की रक्तातली साखर उतरते आणि मधुमेहाचे जुने औषध जास्त पडू लागते. तेही कुणीतरी जवळून पाहायला हवे.

परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे महिन्यातून एक दिवस संप्रेरकांच्या आजारांसाठी राखून ठेवावा आणि मुंबईच्या तज्ज्ञांशी दूरदृश्य यंत्रणेने संपर्क ठेवावा. रक्तदाब मोजणे, इको काढणे, नमुना पाठवणे हे सारे जिल्ह्याच्या ठिकाणी होऊ शकते. मुंबईची वारी मग मोठ्या निर्णयापुरतीच राहील. ही मागणी लोकप्रतिनिधींकडे आणि अधिष्ठात्यांकडे लेखी गेली पाहिजे, आणि तिचा पाठपुरावा झाला पाहिजे. रुग्ण थोडे आहेत म्हणून त्यांचा आवाज लहान आहे. त्यासाठीच तो इतरांनी उचलायचा असतो.

तोवर कार्यकर्त्यांच्या हातचे काम पुष्कळ आहे. आरोग्य शिबिरात साखर आणि रक्तदाब तपासताना 'अंगठी घट्ट झाली का, चपलेचा नंबर वाढला का' हे दोन प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. उत्तर 'हो' आले तर त्या माणसाला जिल्ह्याच्या डॉक्टरपर्यंत नेऊन पोहोचवावे. ज्याला गोळी सुरू झाली आहे, त्याच्या घरी पंधरा दिवसांनी चक्कर टाकावी, कॅलेंडरवरच्या खुणा पाहाव्यात, पुढच्या तपासणीची तारीख विचारावी आणि त्याच्या पत्नीला किंवा मुलाला वेगळे बोलावून 'घरात सगळे ठीक आहे ना' असे विचारावे. सेवेची मोठी कामे मोठ्या निधीवर उभी राहतात हे खरे. पण मंगळवारची गोळी मंगळवारीच घेतली गेली की नाही, हे पाहण्यासाठी लागतो तो फक्त एक जागा माणूस. परभणीच्या प्रत्येक गावात असा एक तरी असला पाहिजे.